वजनाच्या ऑपरेशननंतरची भूक: कशी ओळखावी, कशी सांभाळावी

ऑपरेशन होऊन आठ-दहा महिने झाले की एक फोन हमखास येतो. पलीकडचा आवाज खाली आलेला असतो. "मॅडम, मला भूक लागायला लागलीय." सूर असा, की जणू चोरी पकडली गेली. इतके दिवस भूक नव्हती, वजन उतरत होतं, कपडे आवळायला शिंप्याकडे जात होते, आणि आता सकाळी अकराला पोटात खड्डा पडतो. ऑपरेशन वाया गेलं का? पोट पुन्हा मोठं झालं का?

नाही. भूक परत येणारच होती, फक्त ते आधी कोणी नीट सांगितलेलं नसतं. मी आहारतज्ज्ञ म्हणून बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याचं, ऑपरेशन झालेल्यांबरोबर काम करते, आणि माझा अनुभव असा, की लोकांना भुकेपेक्षा भुकेची लाज जास्त त्रास देते. लाजेपायी ते फॉलोअपला येणं बंद करतात, आणि मग खरंच वजन वाढायला लागतं.

ऑपरेशननंतर 'भूक' या एकाच शब्दाखाली पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा असतो. ओळखल्याशिवाय तोंडात काही टाकलं, तर एका दुखण्यावर दुसऱ्याचंच औषध घेतल्यासारखं होतं. ती ओळख कशी करायची आणि मग काय करायचं, ते पुढे लिहिलं आहे. तुमच्या सर्जनने दिलेला तक्ता यापेक्षा वेगळा असेल तर तोच पाळा. तुमचं पोट त्यांनी आतून पाहिलेलं आहे.

आधी थोडं आतलं समजून घ्या

या ऑपरेशनचे नेहमीचे प्रकार दोन, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी उरते. काढलेल्या भागात जठराचा वरचा फुगीर भागही जातो, आणि भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं. 1999 साली जपानी संशोधकांनी ते शोधलं. ऑपरेशननंतर ते एकदम खाली येतं, म्हणून पहिले काही महिने ताट समोर आलं तरी इच्छा होत नाही. बायपासमध्ये (हा हृदयाचा नव्हे, पोटाचा) जठराची सुमारे 30 मिलीची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांची पिशवी ठेवतात आणि ती लहान आतड्याला जोडतात. अन्न लहान आतड्यात लवकर पोचतं, आणि जीएलपी-1 व पीवायवाय ही 'पुरे झालं' असं मेंदूला सांगणारी संप्रेरकं जेवणानंतर जास्त स्रवतात.

पण शरीर जुळवून घेतं. घ्रेलिन थोडंफार इतर ठिकाणीही तयार होतं. जठराची नळी थोडी सैल होते, आणि तसं होणं अपेक्षितच असतं. खूप वजन उतरलं की मेंदू ते परत मिळवण्याची खटपट सुरू करतो. पुष्कळांना साधारण सहा महिने ते वर्षभरात भूक जाणवू लागते, आणि वजन उतरणं बहुधा बारा ते अठरा महिन्यांच्या आसपास थांबतं. म्हणून पहिलं वर्ष फार मोलाचं. भूक गप्प असते तेव्हा लावलेली सवय, भूक बोलायला लागल्यावर आपोआप उपयोगी पडते.

पहिली पायरी: भूक नसताना घड्याळावर जेवा

हे ऐकून लोक चक्रावतात. भूक नाही म्हणजे बरंच की, वजन भराभर उतरेल! पण भूक नाही म्हणून सकाळी नुसता चहा, दुपारी दोन घास, संध्याकाळी काही नाही असं चाललं, की शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्च करतं. केस गळतात, पाय दुखतात, जिना चढताना धाप लागते. आणि रात्री नऊला असं काहीतरी उसळतं की हाताला लागेल ते तोंडात जातं.

मोबाइलवर गजर लावा. नेहमीचं जेवण सुरू झाल्यावर साधारण तीन ते चार तासांच्या अंतराने दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायचं, आणि मधल्या वेळेत फक्त पाणी. त्याआधीचे टप्पे ठरलेले असतात: सुरुवातीला पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं. टप्पे उडवायचे नाहीत. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी "एवढीशी पोळी खा, ताकद येईल" म्हणतं आणि तोच घास छातीत अडकतो.

बहुतेकांना दिवसाकाठी 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात, काहींना त्याहून जास्त. ती घड्याळाशिवाय होतच नाहीत. हिशेब असा: एका अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18, पेलाभर दुधात 6-7, वाटीभर घट्ट वरणात 6-7, 30 ग्रॅम कोरड्या सोयावड्यांमध्ये 15, आणि 100 ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये 25च्या वर. पहिल्या महिन्यांत पोटात जागाच नसते, म्हणून प्रोटीन पावडरचा एखादा स्कूप लिहून दिलेला असतो. तो चव आवडत नाही म्हणून कपाटात पडून राहतो. ताकात, पातळ केलेल्या चक्क्यात किंवा कोमट दुधात घालून बघा. उकळत्या दुधात घातली तर गुठळ्या होतात.

दुसरी पायरी: भूक आली की ती कुठली, ते विचारा

यासाठी खिशात मावेल अशी वही ठेवा. माझ्याकडे एसटीत वाहक असलेले एक गृहस्थ यायचे. ऑपरेशनला अकरा महिने झालेले, चार किलो परत आलेले. "दिवसभर भूक लागते," एवढंच सांगायचे. मी त्यांना फक्त पंधरा दिवस लिहायला सांगितलं: किती वाजता, कुठे, काय खावंसं वाटलं, काय खाल्लं. वही तिकिटांच्या पैशांबरोबर फिरून मळलेली होती. त्यात होतं: "11.10, स्टँड, वड्याचा वास." "4.30, चहा, 6 बिस्किटं." "रात्री 10.45, मुक्कामी गाडी, झोप येईना." पानं उलटता उलटता तेच म्हणाले, "मॅडम, यात भूक एकदाच आहे हो. बाकी नुसती वेळ झालेली असते." मी न सांगता त्यांनी स्वतः काढलेला हा निष्कर्ष होता, आणि म्हणून तो टिकला.

खावंसं वाटलं की वहीत वेळ लिहा, अर्धा पेला पाणी घोट घोट प्या आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग खालीलपैकी काय जुळतं ते पाहा.

*खरी भूक* सावकाश चढते. शेवटचं खाऊन तीन-चार तास झालेले असतात. तिची एक सोपी परीक्षा मी सगळ्यांना शिकवते: समोर मोड आलेल्या मुगाची उसळ किंवा उकडलेलं अंडं ठेवलं तर खाल का? "हो, द्या" असं उत्तर आलं तर भूक खरी आहे. मग बिनधास्त जेवा, अपराधी वाटून घेऊ नका.

*मनाची भूक* एकदम येते आणि तिला एक विशिष्ट पदार्थच हवा असतो. उसळ नको, फरसाण हवं. बहुतेकदा ती जागेला, वेळेला किंवा माणसाला बांधलेली असते: टीव्हीची ठरावीक खुर्ची, ऑफिसातून आल्यावरचा पहिला अर्धा तास, एखादा बोचरा फोन. इथे खाणं हा उपायच नाही. ती साखळी कुठेतरी तोडावी लागते. घरी आल्यावर स्वयंपाकघरात न जाता आधी हातपाय धुऊन कपडे बदला, खुर्चीची जागा बदला, फोन आल्यावर दहा मिनिटं बाहेर चालून या. जुन्या सवयी दहा-वीस वर्षं मुरलेल्या असतात, त्या पंधरवड्यात जाणार नाहीत. मात्र खाण्यावरचा ताबा वारंवार सुटत असेल, लपून खाल्लं जात असेल, रात्री उठून खाल्लं जात असेल, तर समुपदेशकाकडे जा. कित्येकांसाठी अन्न हा एकटेपणातला सोबती होता. तो गेल्याचं दुःख खरं असतं आणि त्यावर बोलावंच लागतं.

*तहान* अनेकदा भुकेच्या वेषात येते. आता एका दमात तांब्याभर पाणी पिता येत नाही, त्यामुळे दिवसभरात पाणी कमी पडतं. पाण्यानंतरच्या त्या दहा मिनिटांत 'भूक' विरली, तर ती तहान होती.

*पित्त.* स्लीव्ह झालेल्यांनी हे मुद्दाम वाचावं. नळीसारख्या जठरात दाब जास्त असतो, आणि आम्ल वर यायचं प्रमाण वाढू शकतं. वरच्या पोटात कुरतडल्यासारखं, पोखरल्यासारखं वाटतं; काही खाल्लं की घटकाभर बरं वाटतं आणि पुन्हा सुरू होतं. लोक त्याला भूक समजून दर तासाला बिस्किट खातात. आडवं झाल्यावर वाढत असेल, घशाशी आंबट येत असेल, जळजळ होत असेल, तर हे बहुधा पित्तच. डॉक्टरांनी दिलेली आम्ल कमी करणारी गोळी मनाने बंद केली आहे का, ते आधी तपासा. बायपास झालेल्यांना अशी कुरतड जाणवत असेल तर जोडाच्या जागी व्रण झालेला असू शकतो, म्हणून डॉक्टरांना दाखवा. सिगारेट-तंबाखू आणि न विचारता घेतलेल्या अंगदुखीच्या गोळ्यांनी असे व्रण होतात.

*साखर उतरल्याची भूक* सगळ्यांत भयंकर. गोड किंवा नुसते पिठूळ पदार्थ खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, आणि हातात येईल ते खावं अशी वखवख. गोड झटकन आतड्यात उतरतं, रक्तातली साखर उसळते, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि साखर खाली कोसळते. बायपासनंतर हे जास्त दिसतं, आणि ऑपरेशनला वर्ष उलटल्यावरही सुरू होऊ शकतं. घरी ग्लुकोमीटर असेल तर लगेच मोजा. 70 च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात विरघळवून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि साखर वर आली की अंडं, पनीर, दूध असं काहीतरी घ्या. नुसत्या साखरेवर थांबलात तर दोन तासांनी तेच होईल. असं दोनदा झालं तरी डॉक्टरांना सांगा. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर एकदा झालं तरी त्याच दिवशी कळवा, कारण वजन उतरलं की जुना डोस जास्त होतो.

आणि शेवटची, जी कोणी सांगत नाही. बर्फ चावावासा वाटणं, खडू, पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं. बायका हे नवऱ्यालाही सांगत नाहीत. यात तुमच्या स्वभावाचा काही दोष नाही, बहुधा लोह कमी पडलेलं असतं. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. औषध सुरू झालं की ही ओढ सहसा ओसरते.

तिसरी पायरी: ताटाचा क्रम उलटा करा

आपल्या पंगतीत पहिला वाढा वरणभाताचा. वर तुपाची धार, लिंबाची फोड, आणि मग बाकीचं. तुमच्या ताटात भात शेवटी येईल. आधी प्रथिनं: वरण, उसळ, अंडं, मासा, पनीर, चिकन, जे तुमचं असेल ते. मग भाजी, कोशिंबीर. उरलेल्या जागेत दोन चमचे भात किंवा चतकोर भाकरी. जागा कमी आहे, आधी जे जाईल तेच राहील.

किती खायचं? पहिल्या आठवड्यांत 60 मिलीच्या आसपास, तीनेक महिन्यांनी अर्धी ते पाऊण वाटी, वर्षाने एक ते दीड वाटी. माणसागणिक फरक पडतो, शेजारच्या बेडवरच्या रुग्णाशी तुलना करू नका.

पण 'किती' इतकंच 'किती घट्ट' हेही महत्त्वाचं, आणि हे मला एका ताईंच्या डब्याने शिकवलं. त्या म्हणायच्या, "मी वाटीभरच खाते, तरी तासाभरात भूक." मी म्हटलं, डबा घेऊन या आणि माझ्यासमोर जेवा. डब्यात भातावर पातळ आमटी ओतून कालवलेलं होतं. माझ्या घड्याळात सहाव्या मिनिटाला डबा रिकामा झाला. दुसऱ्या खेपेला आम्ही आमटीचं वरचं पाणी काढून खालची घट्ट डाळ घेतली, तीन मोठे चमचे मटकीची उसळ, आणि भात फक्त दोन चमचे. मोठा चमचा बाजूला ठेवून चहाचा चमचा दिला. घास कालवून तोंडात, चमचा ताटात खाली, हात मांडीवर, घास पूर्ण विरघळेपर्यंत पुढचा नाही. बावीस मिनिटं लागली आणि दोन चमचे उसळ उरली. त्या दिवशी त्यांना पुन्हा खावंसं वाटलं ते साडेचारला. पातळ अन्न नळीतून घसरत खाली जातं, घट्ट अन्न थांबतं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. सहा मिनिटांत जेवणाऱ्याला तो ऐकूच येत नाही.

म्हणून वीस ते तीस मिनिटं जेवा, त्याहून फार लांबवू नका. तास तास ताट पुढे ठेवून खाणं म्हणजे दुसऱ्या टोकाची चूक. जेवण थंड होतं, जागा होत राहते, आणि आपण खात राहतो.

घरात सहज होणाऱ्या, पोटात टिकणाऱ्या गोष्टी कितीतरी आहेत: घट्ट पिठलं, मुगाचं धिरडं, पाटवडी, अंड्याची भुर्जी, मऊ शिजवलेला बांगडा किंवा सुरमई, पनीर कुस्करून केलेली भाजी, जिरेपूड-मीठ घातलेला चक्का. भाकरी चालते, पण दुधात किंवा वरणात कुस्करून मऊ करून. पोळी आणि पाव अनेकांना बराच काळ अडकतात. नाही गेली तर हट्ट करू नका, महिनाभराने पुन्हा बघा.

पोट भरल्याची खूण आता वेगळी असते. पूर्वीसारखं तडस लागेपर्यंत वाट पाहिली तर उलटी होईल. कोणाला उचकी लागते, कोणाचं नाक गळायला लागतं, कोणाला छातीच्या मधोमध दाब जाणवतो, कोणी एकदम सुस्कारा टाकतं. तुमची खूण कोणती ते आठवडाभर लक्ष देऊन शोधा, आणि ती आली की तिथेच थांबा. एक घाससुद्धा जास्त नाही.

इथे आपला एक संस्कार आडवा येतो: पानात टाकू नये. तो संस्कार मोडा असं मी कधीच सांगत नाही, अन्नाची किंमत मलाही आहे. पान लहान घ्या. बसण्याआधीच अर्धं झाकून फ्रिजमध्ये ठेवा. आणि मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवायची जबाबदारी आईची, हा नियम घरातून आजच काढून टाका.

चौथी पायरी: पाणी जेवणापासून तोडा

जेवताना पाणी नाही, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास नाही. घास आणि घोट एकत्र गेले तर अन्न लवकर पुढे सरकतं, पोट लवकर रिकामं होतं आणि भूक लवकर लागते. शिवाय सुरुवातीच्या दिवसांत दोन्हींना जागाच पुरत नाही. ताटाशेजारी तांब्या-भांडं मांडायची सवय असेल तर ते मांडूच नका. समोर असलं की हात जातोच. जेवणाबरोबरचं ताक हेसुद्धा पाणीच. ते मधल्या वेळेत घ्या.

दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी पोटात जायला हवं. अर्ध्या लिटरच्या बाटल्या भरून ठेवा आणि जेवणाची पाऊण-एक तासाची वेळ सोडून थोड्या थोड्या वेळाने दोन घोट घेत राहा. सोडा, कोल्ड्रिंक नको, गॅसने पोट दुखतं आणि साखरेचा प्रश्न वेगळाच.

पाचवी पायरी: चरणं बंद करा

ऑपरेशननंतर वजन परत येतं ते बहुतेकदा ताटावर बसून जेवल्याने येत नाही. येता-जाता चिमूट चिमूट खाल्ल्याने येतं. चिवडा, शेव, कुरमुरे, बिस्किटं, खारी, टोस्ट, आइस्क्रीम. उसळ वाटीभर खाल्ली की पोट 'बास' म्हणतं. चिवडा तोंडात विरघळतो, नळीतून सरकतो आणि पोट काही म्हणतच नाही. तासाभरात दोनशे ग्रॅमचं पाकीट संपू शकतं, आणि तेही ज्याला दोन चमचे भात जड जातो अशा माणसाकडून. ऑपरेशनची भिंत जिथे लागू पडत नाही ती ही जागा.

चहाबरोबरचं बिस्किट मी सगळ्यात आधी काढायला लावते, कारण ते मोजलंच जात नाही. चहात बुडवलेलं बिस्किट म्हणजे चमच्याभर गोड पेज. आमच्या वाहकदादांनी साडेचारचा चहा सोडला नाही. चार वाजता आधी डबीतली दोन उकडलेली अंडी खायची, आणि साडेचारला बिनसाखरेचा अर्धा कप चहा, नुसता. पहिला आठवडा हात बिस्किटाच्या पुड्याकडे जायचा, मग थांबला. अंडी खात नसाल तर मूठभर फुटाणे, पण नेहमीचं जेवण रुळल्यावर आणि पीठ होईपर्यंत चावून.

नियम साधा ठेवा: उभं राहून खायचं नाही, पाकिटातून खायचं नाही. जे खायचं ते वाटीत काढून, बसून. घरात बाकीच्यांसाठी फरसाण आणावंच लागत असेल तर ते वरच्या फळीवर, अपारदर्शक डब्यात. आणि दिवाळीच्या फराळात हवंच असेल तर जेवणानंतर, प्रथिनांच्या पाठीवर, एक चकली. रिकाम्या पोटी नाही.

भूक वाढली म्हणून 'पोट पुन्हा लहान करायला' पाच दिवस फक्त पातळ खाण्याचे प्रकार सांगितले जातात. त्याने जठर आकसत नाही. चार दिवस वजनकाटा खाली जातो, आणि पाचव्या दिवशी वखवख दुप्पट होऊन परत येते.

सहावी पायरी: उपवास, सण आणि आग्रह

पहिले सहा महिने तरी उपवास नको. त्यानंतर धरायचा असेल तर आधी विचारून, आणि निर्जळी कधीच नाही. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट, वर चिकट, त्यामुळे एक तर अडकते किंवा दोन तासांत भूक उसळवते. त्यापेक्षा दूध, चक्का, पनीर, राजगिऱ्याची लापशी, थोड्या भगरीबरोबर शेंगदाण्याची घट्ट आमटी. व्हिटॅमिनच्या गोळ्या उपवासालाही घ्यायच्या. लोह आणि कॅल्शियम एका वेळी नको, मध्ये दोन तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीच्या आसपास चहाही नको.

गणपतीत मोदक येणारच. पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदीही. बायपास झालेल्यांना गोडाने अर्ध्या तासात पोटात कळ, मळमळ, घाम, जुलाब होऊ शकतात, त्याला डंपिंग म्हणतात. प्रसाद म्हणून मोदकाचा एक लहान तुकडा, तोही जेवणानंतर. देवाला तेवढं पोचतं.

आग्रहाचं काय करायचं? पाहुण्यांकडे जाताना घरून थोडी उसळ किंवा अंडं खाऊन निघा. पानात स्वतः वाढून घ्या, कोणाला वाढू देऊ नका. "पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी मोजून खायला सांगितलंय" एवढं वाक्य पुरे, पुढची चर्चा तुमच्यावर बंधनकारक नाही. आणि घरातल्यांना माझी हात जोडून विनंती: "एवढंच?" हा प्रश्न ताटावर बसलेल्या माणसाला विचारू नका. ऑपरेशनआधी त्याने "अजून?" हा प्रश्न आयुष्यभर ऐकलेला आहे.

थोडक्यात आणखी

झोप सहा तासांच्या खाली गेली तर दुसऱ्या दिवशी भूक वाढते, हे वहीत तुम्हालाच दिसेल. पाळीची नोकरी असेल तर जेवणाच्या वेळा पाळीप्रमाणे सरकवा, पण अंतर तेच ठेवा. रोजचं चालणं आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा, नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत. दारूबद्दल मी कडक आहे: किमान पहिलं वर्ष अजिबात नाही. ती आता फार लवकर आणि फार जोरात चढते, आणि ज्यांचा आधार पूर्वी खाणं होता त्यांच्यापैकी काहींचा आधार मग ती होते.

हे सगळं मनापासून करूनही भूक आवरत नसेल, तर त्यासाठी औषधं आहेत. जीएलपी-1 गटातली इंजेक्शनं काही जणांना ऑपरेशननंतरही देतात. ती सर्जन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या (संप्रेरकांच्या डॉक्टरांच्या) सल्ल्यानेच, ओळखीच्या माणसाकडून मागून नाही. औषध लागलं म्हणजे तुम्ही कमी पडलात असं नाही. लठ्ठपणा हा चिवट आजार आहे आणि कोणाला एका उपायाने भागतं, कोणाला दोन लागतात.

डॉक्टरांना कधी गाठायचं

पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, दिवसभर उलट्या होत असतील, काळी शी होत असेल, ताप आणि पोटात सतत दुखत असेल, नाडी जोरात चालत असेल, तर वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. उलट्या काही दिवस चालल्या आणि पायांत मुंग्या, तोल जाणं, नजर अडखळणं सुरू झालं तर तो बी-1 जीवनसत्त्व संपल्याचा इशारा असू शकतो. त्यात तासांना किंमत असते. नुसतं सलाइन लावून घरी परत येऊ नका, बॅरिअॅट्रिक ऑपरेशन झालंय हे तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

बाकी वेळी ठरलेल्या फॉलोअपला या, वजन वाढलेलं असलं तरी. वाढलेलं असलं तर नक्कीच. येताना ती मळलेली वही आणा. तिच्या शेवटच्या पानावर तीन नंबर लिहून ठेवा: सर्जनचा, आहारतज्ज्ञाचा, आणि रात्री पावणेअकराला फोन केला तरी चालेल अशा एका माणसाचा.